एंडोरचं जंगल नक्की कुठे आहे? रेडवूड, नदी आणि शूटिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बे एरियात राहते आणि घरात स्टार वॉर्सचं वेड आहे, आधी नवऱ्याला होतं मग लेकाला लागलं, आणि त्या निमित्ताने आम्ही उत्तर कॅलिफोर्नियातल्या, रेडवूड या प्रचंड उंच झाडांच्या जंगलात चार वेळा जाऊन आलो, स्टार वॉर्समधलं एंडोरचं जंगल म्हणून जे दिसतं ते इथेच टिपलंय. आता ओळखीतलं कुणीही तिकडे निघालं की मला मेसेज येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय.

एंडोर म्हणजे नक्की कुठलं पार्क?

इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो, म्हणून आधी हेच. "रिटर्न ऑफ द जेडाय" मधलं एंडोरचं जंगल ही एक जागा नाहीये, निदान दोन आहेत आणि दोन्हींमध्ये दीडशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. कलाकारांना घेऊन केलेलं बरंचसं शूटिंग, म्हणजे बंकर, मारामारी, झाडांमधली पळापळ, हे १९८२ च्या वसंतात क्रेसंट सिटीच्या उत्तरेला स्मिथ रिव्हर नावाच्या गावाजवळच्या जंगलात झालं. ते अगदी ओरेगॉनच्या हद्दीजवळ आहे. आणि स्पीडर बाइकच्या, म्हणजे जमिनीवर तरंगत पळणाऱ्या बाइकच्या, पाठलागात मागे सुसाट पळणारी जी झाडं दिसतात ती खाली हम्बोल्ट काउंटीत, व्हॅन डुझेन नदीकाठच्या चीथम ग्रोव्हमध्ये टिपली. चीथम ग्रोव्ह (ग्रोव्ह म्हणजे राई) हा ग्रिझली क्रीक रेडवूड्स स्टेट पार्कचा भाग आहे, पण मुख्य पार्कपासून जरा अलीकडे, वेगळा तुकडा आहे. त्यामुळे नुसतं ग्रिझली क्रीक मॅपवर टाकून गेलात तर राई मागे राहते आणि तुम्ही थेट कॅम्पग्राउंडला पोचता. आमचं पहिल्यांदा तेच झालं.

मग जिथे मेन शूटिंग झालं ती जागा बघता येते का?

नाही. ती आता नाहीये.

हे लिहिताना मला दरवेळी वाईट वाटतं. ती जमीन खाजगी होती, लाकूडतोड करणाऱ्या कंपनीच्या मालकीची, आणि ती झाडं तशीही तोडायचीच होती, म्हणूनच तर तिथे सेट उभारायला, जमीन उकरायला, स्फोट करायला परवानगी मिळाली. सरकारी पार्कात हे शक्यच नव्हतं. शूटिंग संपलं आणि नंतर ती झाडं तोडली गेली. म्हणजे पडद्यावर जे जंगल आपण बघतो त्यातला मोठा भाग आता फक्त पडद्यावरच आहे. लेकाला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्याने विचारलं, मग पिक्चरवाल्यांनी ती विकत का नाही घेतली? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि हे काही अपवादाने घडलेलं नाही. किनारपट्टीवरच्या जुन्या रेडवूड जंगलापैकी ९५ टक्क्यांच्या आसपास तोडलं गेलंय, आज आपण जे बघायला जातो ते उरलेल्या पाच टक्क्यांतलं.

मग चीथम ग्रोव्ह कशी वाचली?

गंमत म्हणजे तीही लाकूड कंपनीचीच होती. ओवेन चीथम हे जॉर्जिया-पॅसिफिक या मोठ्या लाकूड कंपनीचे संस्थापक, त्यांच्या नावाने ही राई राखली गेली. कंपनीनेच ती संवर्धनासाठी देऊन टाकली आणि पुढे ती स्टेट पार्कात आली. उत्तरेकडच्या स्टाउट ग्रोव्हचीही गोष्ट जवळजवळ हीच, फ्रँक स्टाउट हे लाकूड व्यवसायातले बडे गृहस्थ, त्यांच्या पत्नीने १९२९ मध्ये ४४ एकरांची ती राई नवऱ्याच्या स्मरणार्थ देऊन टाकली. शिवाय सेव्ह द रेडवूड्स लीग ही संस्था १९१८ पासून वर्गण्या गोळा करून एकेक तुकडा विकत घेत आलीय. त्यामुळे या भागात फिरताना दिसेल की जवळपास प्रत्येक राईला कुणाचं तरी नाव आहे, पाटी आहे. सुरुवातीला मला ते जरा विचित्र वाटायचं, झाडांना माणसांची नावं कशाला म्हणून, पण आता मी त्या पाट्या थांबून वाचते, कारण त्या माणसाने त्यावेळी पैसे दिले नसते तर तिथे आज तोडलेल्या झाडांचे खुंटच असते.

स्पीडर बाइकचा सीन खरंच तिथे शूट झाला? तो तर इफेक्ट आहे ना?

दोन्ही खरं आहे. कलाकार स्टुडिओत निळ्या पडद्यासमोर बसले होते, काही शॉटमध्ये छोटी मॉडेल्स आहेत. पण मागे पळणारं जंगल खरं आहे आणि ते एका माणसाने चालत चालत टिपलंय. गॅरेट ब्राऊन, स्टेडीकॅमचा, म्हणजे चालताना कॅमेऱ्याला हिसके बसू न देणाऱ्या, अंगावर बांधायच्या उपकरणाचा शोध ज्यांनी लावला तेच. त्यांनी कॅमेरा सेकंदाला एका फ्रेमपेक्षाही कमी वेगाने चालवला आणि झाडांमधून आखलेल्या वाटेने शांतपणे चालत गेले.

हिशोब करून बघा. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमने दाखवतात. सेकंदाला एकच फ्रेम घेतली असं धरलं तरी चालण्याचा वेग २४ पट दिसणार, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस पडद्यावर ताशी १२० ने पळणार, आणि प्रत्यक्षात फ्रेम त्याहून कमी होत्या म्हणजे वेग त्याहूनही जास्त. पण त्याचबरोबर चालताना बसणारा प्रत्येक हिसकासुद्धा तितकाच घाईघाईने अंगावर येणार, पाऊल जरा खड्ड्यात गेलं की पडद्यावर तो जोराचा झटका. म्हणून साधा कॅमेरा खांद्यावर घेऊन हे जमलंच नसतं, स्टेडीकॅमच पाहिजे होता, आणि जमीनही सपाट पाहिजे होती.

आमच्या लेकाने हे मोबाईलवर करून बघितलं, टाइम लॅप्स लावून ट्रेलवरून चालला. पहिला व्हिडिओ बघून डोकं गरगरलं, पाचव्यांदा बऱ्यापैकी जमला. मुलं बरोबर असतील तर नक्की करून बघा, ती जागा त्यांना मग आयुष्यभर लक्षात राहते.

पण नदीकाठचीच राई का? रेडवूड तर डोंगरावर पण असतात.

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचं असतं.

डोंगरउतारावरच्या रेडवूड जंगलात तुम्ही चालूच शकत नाही इतकी दाटी असते, झुडपं, कमरेएवढे नेचे, पडलेली खोडं, आणि वर उतार. नदीकाठी तसं नसतं. व्हॅन डुझेन ही ईल नदीची उपनदी आणि या खोऱ्यातल्या नद्या प्रचंड गाळ वाहून आणणाऱ्या आहेत. हिवाळ्यात पाऊस लागला की पूर येतो, पाणी काठावरच्या सपाटीवर पसरतं, आणि ओसरताना गाळाचा थर टाकून जातं. १९६४ च्या डिसेंबरात तर ईलच्या सगळ्या खोऱ्यात महापूर आला होता, गावंच्या गावं वाहून गेली. असा गाळ बसला की खालची बारीकसारीक झाडं आणि झुडपं गुदमरून मरतात. इतर जातीच्या मोठ्या झाडांचंही बरेचदा तेच होतं. रेडवूड मात्र मरत नाही, त्याचा बुंधा गाळात गाडला गेला की ते नव्या थरात नवीन मुळं काढतं आणि पुन्हा वाढायला लागतं. मुळं खोल नसतात हो, एवढं शंभर मीटरचं झाड पण मुळं दोन-चार मीटरच खाली, आडवी मात्र तीसेक मीटरपर्यंत पसरलेली आणि शेजारच्या झाडांच्या मुळात गुंतलेली. आणि दर पुरानंतर नवीन गाळ म्हणजे नवीन खत, म्हणून सगळ्यात उंच, सरळसोट झाडं ही अशा नदीकाठच्या सपाटीवरच सापडतात.

आता हे सिनेमाच्या नजरेने बघा. जमीन सपाट. मधे झुडपं नाहीत, त्यामुळे दूरवर बघता येतं. खाली सगळीकडे रेडवूड सॉरेलचा हिरवा गालिचा, ही आपल्याकडच्या आंबुशीच्याच कुळातली आहे, तशीच तीन पानं, फक्त मोठी. आणि खांबांसारखे बुंधे, एकमेकांपासून बऱ्यापैकी अंतरावर, त्यांच्यामधून वाट काढत जाता येईल असे. हा सगळा सेट शेकडो वर्षं नदीने लावलाय. मी जेव्हा पहिल्यांदा चीथममध्ये उभी राहिले तेव्हा मला ते जंगल कमी आणि मोठं सभागृह जास्त वाटलं, आणि पन्नास पावलांवर नदीचा आवाज येत होता.

मग जेडेडाय स्मिथ पार्कला जायचंच नाही का?

अहो जायचं, जरूर जायचं. तिथे मेन शूटिंग झालं असं बरेच जण सांगतात आणि ते बरोबर नाही, ते पार्काबाहेरच्या खाजगी जमिनीत झालं, पण त्या भागातलं तसंच दिसणारं जंगल आज बघायचं असेल तर हेच पार्क. क्रेसंट सिटीपासून अगदी जवळ आहे. हाउलँड हिल रोड हा साधारण दहा मैलांचा बराचसा कच्चा रस्ता राईतून जातो, इतका चिंचोळा की काही ठिकाणी समोरून गाडी आली तर एकाला थांबावं लागतं, आणि आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) किंवा ट्रेलर घेऊन अजिबात जाऊ नका. त्या रस्त्यावरच स्टाउट ग्रोव्ह लागतं, स्मिथ नदीच्या काठावर, आणि तेही नदीच्या गाळावरचंच असल्यामुळे वर सांगितलं तसं मोकळं, सपाट.

स्मिथ नदीबद्दल एक गोष्ट सांगायचीच आहे, कॅलिफोर्नियातली धरणं नसलेली ही सगळ्यात मोठी नदी. पाणी इतकं नितळ आणि हिरवं-निळं की फोटो दाखवला तर लोक म्हणतात फिल्टर लावलाय. उन्हाळ्यात कॅम्पग्राउंडपासून स्टाउट ग्रोव्हला जायला नदीवर तात्पुरता पूल टाकतात, पावसाळ्याआधी काढून घेतात.

हे पार्क, शेजारची दोन स्टेट पार्कं आणि रेडवूड नॅशनल पार्क यांचा कारभार १९९४ पासून एकत्र चालतो आणि नॅशनल पार्क १९८० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ग्रिझली क्रीक मात्र या समूहात नाही, ते वेगळं, छोटंसं, शांत स्टेट पार्क आहे.

सॅन फ्रान्सिस्कोहून कसं जायचं?

हायवे १०१ उत्तरेला. युरेकापर्यंत साडेचारशे किलोमीटरच्या आत-बाहेर, थांबत गेलात तर पूर्ण दिवस धरा. चीथमसाठी युरेकाच्या आधीच, फोर्टुनाच्या अलीकडे आल्टनजवळ हायवे ३६ ला उजवीकडे वळायचं, हाइड्सव्हिल, कार्लोटा ही छोटी गावं लागतात, आणि ग्रिझली क्रीकच्या मुख्य गेटच्या चारेक मैल आधी राईची गाडी लावायची छोटी जागा आहे. ती चुकते. जाताना चुकली तर येताना बघा, पण रस्त्यावर मधेच ब्रेक मारू नका, वळणं आहेत आणि मागून लाकडाचे ट्रक येतात. मोबाईलला रेंज धरूच नका, मॅप आधी डाउनलोड करून ठेवा, पेट्रोल आणि खाणं फोर्टुनालाच घ्या (ते या वळणाच्या जरा पुढे आहे, आधी तिथे जाऊन या).

विमानाने यायचं तर युरेकाच्या वरती मॅकिनलीव्हिलला छोटा एअरपोर्ट आहे.

कधी जावं? फोटो चांगले कधी येतात?

पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत. उन्हाळ्यात किनाऱ्याला धुकं. लोक धुकं बघून नाराज होतात, मी उलट सांगेन की धुकं असेल तर पळत जा. भर दुपारी कडक ऊन असताना राईत फोटो काढून बघा, वर पांढरे ठिपके जळलेले आणि खाली काळोख, मोबाईल तर पार गोंधळतो. ढग किंवा धुकं असलं की सगळीकडे सारखा मऊ उजेड पडतो आणि सालीचा तो तांबूस रंग खुलतो. धुक्यात सकाळी उशिरा ऊन शिरायला लागलं तर झाडांमधून उजेडाचे झोत खाली येतात, ते दहा-पंधरा मिनिटंच टिकतं.

चीथम समुद्रापासून जरा आत असल्याने तिथे धुकं लवकर उठतं, तेव्हा तिथे सकाळीच जा. आणि धुकं नुसतं दिसायला नाही बरं का, पाऊस नसलेल्या त्या महिन्यांत ही झाडं धुक्यातूनच बरंचसं पाणी घेतात, पानांतूनसुद्धा.

रील किंवा शॉर्ट फिल्म शूट करायला परमिट लागतं का?

घरच्यासाठी फोटो-व्हिडिओ काढताय, तर नाही. जाहिरात, सिरीयल, फिल्म, पैशासाठी केलेलं काम असेल तर स्टेट पार्कातल्या शूटिंगचं परमिट कॅलिफोर्निया फिल्म कमिशन देतं, त्यासाठी विम्याचे कागद लागतात आणि कामाच्या स्वरूपाप्रमाणे पार्कचा माणूस तुमच्याबरोबर उभा राहतो, त्याचा खर्च तुमच्याकडे. हम्बोल्ट आणि डेल नॉर्ट या दोन काउंट्यांचं मिळून वेगळं फिल्म कमिशनही आहे, लोकेशन शोधायला ते मदत करतात, आधी त्यांच्याशी बोललात तर बराच वेळ वाचेल. नॅशनल पार्कच्या जमिनीचे नियम वेगळे आहेत, ते तिथेच विचारा.

मंडळाच्या कार्यक्रमासाठी शॉर्ट फिल्म करायची म्हणून एका ओळखीच्या ग्रुपने विचारलं होतं, पंधरा माणसं, लाइट्स, नऊवारीतला डान्स. मी म्हटलं आधी फोन करून विचारा, आणि त्यांनी विचारलं ते बरं झालं.

ड्रोन?

रेडवूड नॅशनल अँड स्टेट पार्क्समध्ये बंदी आहे. इतर स्टेट पार्कातही आधी विचारल्याशिवाय काढू नका. पक्ष्यांना त्रास होतो.

आई-बाबांना झेपेल का? गुडघे दुखतात.

चीथमची वाट सपाट आहे, मऊ माती, निवांत चाललं तर पाऊण तास-तासाभरात फेरी होते. माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिला काठी घेऊन व्यवस्थित जमलं, फक्त मुळांवर पाय अडकणार नाही हे बघा. स्टाउट ग्रोव्हलाही आत फेरी सपाट आहे पण पार्किंगपासून खाली उतरायला एक उतार आहे आणि येताना तोच चढ. आईने तिथे एका झाडाला हात लावून डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली आमच्या आजोळच्या देवराईत असंच गार वाटायचं. तिथून एक काटकीसुद्धा घरी आणायची नाही हा तिकडचा नियम इथेही आहे, फक्त तिथे देवाचा आणि इथे सरकारचा.

ट्रेलवरून उतरून फोटो काढला तर काय बिघडतं? झाड तर एवढं मोठं आहे.

मुळं उथळ आहेत हे वर लिहिलंच आहे. हजारो पावलांनी माती दबली की पाणी आत जात नाही आणि सॉरेल, नेचे मरतात, मग उघडी माती बघून पुढचे लोक तीच वाट समजून चालतात. जगातलं सगळ्यात उंच झाड, हायपेरियन, साधारण ११६ मीटर, २००६ मध्ये सापडलं. त्याची जागा गुप्त ठेवली होती तरी लोक शोधत शोधत गेले आणि भोवतीचं सगळं तुडवलं, शेवटी २०२२ मध्ये तिथे जायला बंदी घालावी लागली. जेडेडाय स्मिथमधल्या ग्रोव्ह ऑफ टायटन्सचंही तेच झालं, तिथे आता जमिनीपासून वर उचललेली चालायची वाट बांधलीय.

आणि पॉयझन ओक आहे. तीन-तीन पानं, झुडूप किंवा झाडावर चढलेला वेल. सॉरेलही तीन पानांची, पण ती जमिनीलगत आणि पानं पत्त्यांतल्या बदामासारखी. शंका आली तर हात लावू नका, आठवडाभर खाज जात नाही.

डबा खाल्ला तर चालतो ना?

चालतो, पण एक कण खाली पाडायचा नाही, खरंच एक कणही. मार्बल्ड मरलेट नावाचा समुद्रपक्षी आहे, दिवसभर समुद्रावर मासे पकडतो आणि अंडं मात्र जुन्या झाडांच्या उंच जाड फांद्यांवर घालतो, घरटं न बांधता, एकच अंडं. माणसांच्या खरकट्यावर कावळे आणि "जे" (jay) नावाचे निळे पक्षी वाढतात आणि ते ही अंडी, पिल्लं खातात. चिवड्याचे चार दाणे पडले तर काय होतंय असं आपल्याला वाटतं, पण या पक्ष्याच्या मुळावर येतंय ते हेच. तेव्हा चिवडा नको, पोळीभाजीचा रोल बरा.

ईवॉकचं गाव कुठे बघायला मिळेल?

मिळणार नाही, ईवॉक म्हणजे पिक्चरमधले एंडोरवरचे अस्वलासारखे बुटके प्राणी, त्यांचं झाडांवरचं ते गाव इंग्लंडमध्ये एल्स्ट्री स्टुडिओत बांधलेला सेट होता. ईवॉक मात्र इथल्या जंगलात खरोखर फिरले, विकेट नावाचा ईवॉक झालेला वॉरविक डेव्हिस तेव्हा १२ वर्षांचा होता. आणि हो, गर्दी होऊ नये म्हणून तेव्हा "ब्लू हार्वेस्ट" नावाच्या भयपटाचं शूटिंग चाललंय असं सांगितलं जायचं, टोप्या-टीशर्टसुद्धा त्याच नावाचे.

याच भागात अजून कुठले पिक्चर?

"द लॉस्ट वर्ल्ड: ज्युरासिक पार्क" चं काही शूटिंग प्रेरी क्रीक स्टेट पार्कच्या फर्न कॅन्यनमध्ये झालं, दोन्ही बाजूंना नेच्यांनी झाकलेल्या उभ्या भिंती आणि मधून ओढा. उन्हाळ्यात तिथे आधी बुकिंग लागतं आणि पाय ओले होणारच, चप्पल बदलायला ठेवा. बे एरियाच्या जवळ बघायचं तर हिचकॉकच्या "व्हर्टिगो" त म्युअर वूड्स म्हणून जे दाखवलंय ते बिग बेसिन या दुसऱ्याच रेडवूड पार्कात शूट झालंय, पण २०२० च्या वणव्यात ते पार्क फार होरपळलं. तरी जळलेल्या काळ्या बुंध्यांमधून हिरवे कोंब फुटलेत, या झाडाची ती ताकदच आहे.

हेच ते प्रसिद्ध जाडजूड झाड का?

नाही. जगातली सगळ्यात अवाढव्य झाडं, जनरल शर्मन वगैरे, ती जायंट सिक्वोया, सिएरा नेवाडाच्या डोंगरात, वेगळी जात. उंचीत इथलं कोस्ट रेडवूड पुढे, घेरात आणि वजनात ते.

एकाच ठिकाणी जायला वेळ असेल तर?

पिक्चरसाठी जात असाल तर चीथम. सकाळी नऊच्या आत पोचा, गाडीतून उतरल्यावर पाच मिनिटं कुणी बोलू नका, मग पाठलागाचा सीन मोबाईलवर आधीच डाउनलोड करून ठेवलेला असेल तो आवाज बंद करून एकदा बघा आणि मान वर करून समोर बघा. फेरी झाली की जवळच व्हॅन डुझेन काउंटी पार्कात नदीवर उतरता येतं, स्विमर्स डिलाइट म्हणतात त्याला, उन्हाळ्यात पाणी मुलांना खेळण्याजोगं असतं. टॉवेल आणि जास्तीचे कपडे न्या, आमचा लेक दरवेळी "फक्त पाय बुडवतो" म्हणून गेला आणि चिंब होऊन आला.